जोडीदाराचा वाढदिवस घरी आणि पाहुणे मुक्कामाला : ठाण्यातल्या घरांचे नेहमीचे प्रश्न

बायकोचा किंवा नवऱ्याचा वाढदिवस आणि गावाहून माणसं मुक्कामाला, हे एकाच आठवड्यात जुळून आलं की घरात आधी गाद्यांचा विषय निघतो आणि मग स्वयंपाकाचा. या दोन्हींत वाढदिवसाचं माणूस बाजूला राहून जातं. खालचे प्रश्न शेजारपाजारच्या, ओळखीच्या घरांतून पुन्हा पुन्हा येतात, अलीकडे नव्याने संसाराला लागलेल्या मुलांकडूनही येतात. उत्तरं देताना मी एकच गोष्ट धरून ठेवली आहे: ज्याचा वाढदिवस, त्याच्याकडे त्या दिवशी यजमानपण द्यायचं नाही.

बायकोचा वाढदिवस आहे आणि त्याच दिवशी माझे आई-बाबा, काका-काकू घरी असणार आहेत. स्वयंपाक कुणी करायचा?

तिने नाही, एवढं आधी पक्कं करा. तिला विचारायला गेलात तर ती म्हणणारच, "करते ना मी, किती वेळ लागतो!" म्हणून विचारू नका, ठरवून टाका आणि तिला सांगा.

आईला सांगायचं कामही तुमचंच. बायकोच्या तोंडून ते गेलं तर विनाकारण वाईट दिसतं. सरळ म्हणा, "आई, उद्या तिला ओट्यापाशी उभं राहू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. तुझ्या हातची कोथिंबीर वडी मात्र हवी." गावाहून आलेल्या बायकांना फ्लॅटमध्ये नुसतं बसून राहणं जड जातं. आईला वडी, काकूला कोशिंबीर असं एखादंच काम दिलंत तर त्यांनाही बरं वाटतं. सगळा स्वयंपाक त्यांच्या गळ्यात मात्र घालू नका, त्या पाहुण्या आहेत.

बाकीचं बाहेरून आणा. नौपाडा, पाचपाखाडी, राम मारुती रोडच्या आतल्या गल्ल्यांतून पोळी-भाजी केंद्रं आहेत आणि घरगुती डबे देणाऱ्या बायका तर जवळजवळ प्रत्येक भागात आहेत. पोळ्या, पुऱ्या किती हव्यात तो आकडा आदल्या दिवशी सकाळीच सांगून ठेवा. सणावाराच्या दिवसांत दोन दिवस आधी सांगा. बटाट्याची भाजी, आमटी, भात एवढं घरी करणं एका पुरुषाला अशक्य नाही. जमत नसेल तर तेही बाहेरून आणा, पण जेवण वाढायला आणि नंतर ओटा आवरायला तुम्ही उभे राहा. जेवण बाहेरून आणलं आणि खरकटी भांडी तिच्यासाठी ठेवली तर तिचा दिवस पुन्हा स्वयंपाकघरातच गेला.

आणि नवऱ्याचा वाढदिवस असेल तर?

नियम तोच. पहाटे स्टेशनवर माणसं आणायला जाणं, पाण्याचे जार चढवणं, रात्री गाडी लावायला जागा शोधत फिरणं ही कामं त्या दिवशी भाच्याकडे, मेहुण्याकडे किंवा स्वतःकडे घ्या.

बारा माणसांच्या जेवणाचा अंदाज कसा धरायचा?

पुरी-श्रीखंडाचा बेत धरून सांगते. एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण पन्नास पुऱ्या होतात. माणशी सहा धरल्या तर दीड किलो कणीक पुरते. पुऱ्या आहेत म्हटल्यावर मसालेभाताला एक किलो तांदूळ भरपूर होतो. नुसता भातच मुख्य असेल तर सव्वा किलो घ्या. बटाटे दीड ते दोन किलो, काकड्या किलोभर, कोथिंबीर वडीला दोन मोठ्या जुड्या.

श्रीखंड विकतचं चालतं, पण जोडीदारासाठी एकच पदार्थ स्वतःच्या हाताने करायचा असेल तर मी हाच करायला सांगेन. चुलीपाशी उभं राहावं लागत नाही, नवख्या माणसालाही जमतं आणि आदल्या रात्री करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. डेअरीतून एक किलो ताजा चक्का आणा. तो आंबट आहे का ते आधी चाखून बघा. गोडसर चक्क्याला पाऊण किलो साखर बास होते, आंबटसर असेल तर थोडी वाढवा. दोन्ही हाताने कालवून दोन-तीन तास झाकून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे साखर आपोआप विरघळते. मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सरमध्ये फिरवू नका, पातळ होऊन जातं. यंत्राच्या जाळीतून खाली पडतं ते गुळगुळीत, चमकदार असतं, एकही गुठळी राहत नाही. केशर चमचाभर कोमट दुधात आधी भिजवून घ्या, वर वेलदोड्याची पूड आणि किसणीवर दोन-तीनदा घासलेलं जायफळ. जायफळ जास्त झालं तर कडवट लागतं. एवढ्यात बारा जणांना पुरून दुसऱ्या दिवशी मुलांना उरतं.

पाहुण्यांत मधुमेह असलेलं कुणीतरी असतंच. ताटात श्रीखंड थेट न वाढता लहान वाटीत द्या आणि आग्रह वडीचा करा. "एवढ्याने काही होत नाही" हे वाक्य कुणाच्याही ताटापाशी म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

सामिष बेत केला तर?

घरात चालत असेल तर जरूर करा. फक्त वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी माणसं पाहुण्यांत असतात. आई माळकरी असेल तर तिचं वेगळ्या भांड्यात आधी काढून ठेवा, आणि सगळ्यांच्या आधी तिला वाढा.

औक्षण नेमकं कसं करायचं? आमच्या दोघांच्याही घरी आईच करायची, आम्हाला येत नाही.

पाटाभोवती रांगोळीच्या दोन रेघा काढल्या तरी पुरे. ज्याला ओवाळायचं त्याला पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवा. पाट नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते. तबकात निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. कुंकू लावून वर अक्षता लावायच्या, मग अंगठी आणि सुपारी हातात घेऊन चेहऱ्याभोवती ओवाळायची, तबकाला टेकवायची, असं तीनदा. त्यानंतर निरांजनाने ओवाळायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या आणि तोंड गोड करायचं. कपाळाला कोरडं कुंकू टिकत नाही, आधी पाण्याचं बोट लावा. फुलवाती आदल्या रात्री तुपात भिजवून ठेवल्या की निरांजन मध्येच शांत होत नाही. तबकाचं सामान घरात नसेल तर जांभळी नाक्याच्या बाजारात फुलांसकट सगळं एका फेरीत मिळतं.

वेळ कोणती? सकाळी आंघोळी झाल्यावर किंवा संध्याकाळी दिवेलागणीला. पाहुणे पहाटे प्रवासातून आले असतील तर संध्याकाळच बरी.

बायकोला कोण ओवाळणार? सासूबाई, नणंद?

त्या ओवाळतील, मुलगी असेल तर तीही ओवाळेल, पण माझं मत विचाराल तर नवऱ्यानेही ओवाळावं. पुरुषाने ओवाळू नये असा दंडक मला कुठेही सापडलेला नाही. सवय नाही, एवढंच. चार नातेवाइकांसमोर हातात तबक घेताना तुम्हाला संकोच वाटेल, पण तिच्या ते कायम लक्षात राहील.

सासूबाईंचे यजमान नाहीत. औक्षणाच्या वेळी त्या आतल्या खोलीत जाऊन बसतात. काय करावं?

हात धरून बाहेर आणा आणि पहिलं तबक त्यांच्या हातात द्या. आई आपल्या लेकराचं औक्षण करते, त्यात अशुभ काय असणार? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो बाकीच्या ग्रामपंचायतींपुढे उदाहरण म्हणून ठेवला. एखादं गाव ठराव करून हे करू शकतं, तर आपल्या दोन खोल्यांत आपल्याला कुणाची परवानगी लागते?

मात्र ऐनवेळी दहाजणांसमोर ओढू नका. त्या गोंधळतात आणि नाहीच म्हणतात. आदल्या रात्री दोघांनी मिळून शांतपणे सांगा की उद्या पहिलं ओवाळणं तुमचं. वयाने मोठी पाहुणी काही बोललीच, तर उत्तर मुलाने द्यावं, सुनेने नव्हे.

केक आणि मेणबत्ती फुंकणं काकांना आवडत नाही. मुलांना तर केक हवाच असतो.

दोन्ही करा, क्रम तेवढा सांभाळा. आधी निरांजन, औक्षण, मोठ्यांच्या पाया पडणं, मग केक. बऱ्याच ज्येष्ठांचा राग केकवर नसतो, ज्योत फुंकण्यावर असतो. म्हणून केकवर मेणबत्ती लावूच नका. केक बिनअंड्याचा सांगा म्हणजे कुणाला बाजूला बसावं लागत नाही. बारा-चौदा जणांना एक किलो पुरतो, कारण मागून जेवण आहे. क्रीमचा केक ठाण्याच्या उकाड्यात अर्ध्या तासात बसतो, तेव्हा फ्रीजमधला एक कप्पा सकाळीच रिकामा करून ठेवा.

वाढदिवस तारखेने करायचा की तिथीने?

गावाकडची मंडळी तिथी विचारतात, आपण तारखेत अडकलेले. सोपा मार्ग असा, की तिथीला सकाळी औक्षण आणि तारखेला जेवण. गंमत म्हणजे १९ व्या, ३८ व्या आणि ५७ व्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी जवळपास एकाच दिवशी येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात, म्हणून तसं होतं. जोडीदाराचं अडतिसावं वर्ष पूर्ण होत असेल तर पंचांग उघडून बघा, दोन्हीकडची माणसं खूश होतील.

त्याच दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर?

संकष्टीला उपास करणारे चंद्रोदयानंतर जेवतात, आणि तो साधारण नऊच्या आसपास, कधी साडेनऊच्याही पुढे जातो. म्हणून सगळ्यांचंच जेवण उशिरा ठेवा, संध्याकाळी बाकीच्यांना पोटभर खायला द्या. गोडाला मोदक केलेत तर प्रश्नच मिटला. एकादशीला मात्र उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, तेव्हा वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याची उपासाची भाजी हा बेत सगळ्यांनाच करा. उपासाची माणसं एका कोपऱ्यात आणि बाकीची पंगतीत, हे बरं दिसत नाही.

पितृपक्षात वाढदिवस आला तर थोरल्यांना मोठा समारंभ नको असतो. औक्षण त्या दिवशी घरातल्या घरात करून घ्या, माणसं नवरात्रात बोलवा. सुतक असेल तर सगळंच पुढे ढकला, त्यावर वाद घालू नये.

दोन खोल्यांच्या घरात आठ माणसं झोपवायची कशी?

आधी गुडघे आणि रात्री उठण्याची सवय बघा, मग मानपान. ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं त्यांना संडासाजवळच्या खोलीत पलंग द्या, आणि वाटेत एक बारीक दिवा चालू ठेवा. नवीन घरात अंधारात चाचपडताना म्हातारी माणसं पडतात. बाकीच्यांना हॉलमध्ये खाली गाद्या. कमी पडल्या तर भाड्याने मिळतात, मंडप-डेकोरेटरकडे खुर्च्यांसोबत चौकशी करा. गाद्या आदल्या दिवशी उन्हात टाका. पावसाळा असेल तर निदान पंख्याखाली उघड्या ठेवा, कुबट वास जातो.

एक बारीकशी गोष्ट. गावची माणसं पाचला उठतात आणि तुम्ही उठेपर्यंत अंधारात बसून राहतात, कारण चहा-साखरेचे डबे कुठे आहेत ते माहीत नसतं आणि विचारायचा संकोच. रात्री झोपण्याआधी चहा, साखर, आल्याचा तुकडा, लायटर आणि पातेलं ओट्यावर मांडून दाखवून ठेवा. गॅसची शेगडी बटण फिरवून पेटणारी असेल तर तीही एकदा पेटवून दाखवा. त्यामुळे तुमची सकाळ सुटते आणि त्यांना घर आपलं वाटतं.

वाढदिवसाच्या जोडप्याने आपली खोली सोडायची का? एखादी रात्र सोडायला हरकत नाही, पण वाढदिवसाची रात्र नको. हे पाहुण्यांना न सांगता, गाद्या घालतानाच करून टाकावं.

पाण्याचं काय?

ठाणे महापालिकेच्या हद्दीत पाणी वेगवेगळ्या योजनांतून येतं. पालिकेची स्वतःची, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई पालिका. त्यामुळे शहराच्या एका भागात शटडाऊन आणि दुसऱ्यात भरपूर पाणी असं होतं. दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असेल तर सूचना आधी येते, ती सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात नीट वाचा. पाहुणे येणार आहेत हे सेक्रेटरींच्या कानावर घाला. आंघोळीच्या पाळ्या रात्रीच लावा, लांबच्या प्रवासाला निघणारे आधी.

गाणी, सजावट, सोसायटीचे नियम?

रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. घरात माणसं मुक्कामाला असताना मोठ्या आवाजाची गरजही नसते. पेटी वाजवणारे काका असतील तर काहीच नको.

सजावटीत थर्माकोल आणू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकदा-वापराच्या वस्तूंत सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ हे सगळं येतं. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण दाराला पुरतं. जेवायला केळीची पानं आणा, घासायची भांडीही कमी होतात. वॉचमनला पाहुण्यांची नावं आणि गाडीचे नंबर आधी द्या. रात्री फाटकाशी म्हाताऱ्या माणसांची चौकशी होऊ नये.

पाहुण्यांनी यायचं कसं, आणि कोणत्या वारी?

कोकणातून येणाऱ्यांसाठी कोकणकन्या आणि मांडवी या दोन्ही रेल्वेगाड्या ठाण्याला थांबतात, दादरपर्यंत जायची गरज नाही. एसटीने येणाऱ्यांना खोपटचं बसस्थानक. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, कधी मुख्य मार्गावर, कधी ठाणे-वाशीच्या ट्रान्सहार्बरवर. डोंबिवली-कल्याण किंवा वाशी-नेरूळहून येणाऱ्यांना शनिवारी रात्रीच ते बघून कळवा. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळच्या जेवणाची वेळ साडेआठच्या आधी देऊ नका, त्या रस्त्यावर माणसं अडकतात.

माझे आई-बाबा लेकीकडे राहायला संकोचतात.

जुन्या पिढीत मुलीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही अशी रीत होती, ती अजून मनातून जात नाही. यावर एकच उपाय आहे. फोन जावयाने करायचा. "तिचा वाढदिवस आहे, तुम्ही आठ दिवस राहायलाच या, तिकीट मी काढतो." लेकीने दहादा बोलावलं तरी जे होत नाही, ते या एका फोनने होतं.

दोन्हीकडचे आई-वडील एकाच वेळी आले तर?

व्याही-विहिणी एकमेकांसमोर अवघडून वागतात, पहिले दोन तास जातात. त्यांना शेजारी बसवून ठेवू नका, मिळून काहीतरी करायला द्या: दोन आजोबांनी नातवाला घेऊन फुलं आणायची, दोन आज्यांनी तबक मांडायचं. भेटवस्तू सगळ्यांसमोर उघडू नका, तुलना होते.

आमचं लग्न झालेलं नाही, एकत्र राहतो. नातेवाईक येणार आहेत.

ते ठाण्याला पोहोचायच्या आधी त्यांना फोनवर स्पष्ट सांगा, वाढदिवसाच्या ताटावर नको. ज्यांना ते मान्य नाही त्यांना न यायची मोकळीक द्या, आणि जे येतील त्यांच्याशी नेहमीसारखं वागा. तुमचा जोडीदार मावशींना मावशीच म्हणेल, पाया पडायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

पाहुण्यांना ठाण्यात काय दाखवावं?

मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, आणि काठावरचं कोपिनेश्वर मंदिर. गाभाऱ्यातली भलीमोठी पिंडी बघून गावची माणसं हरखून जातात. समोरच गडकरी रंगायतन, नाटकाची तिकिटं आधी काढून ठेवलीत तर वाढदिवसाची याहून चांगली संध्याकाळ मला सुचत नाही. मुलांना ठाणे स्टेशन दाखवताना सांगा की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथपर्यंतच आली होती. हिवाळ्यापासून मेपर्यंत कधीही वाढदिवस असेल तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो बघता येतात. बोटींच्या वेळा भरतीवर असतात, आधी विचारून मग निघा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आहे.

येऊरला सकाळी चालायला न्या. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रात्रीच्या पार्टीची जागा नाही.

एवढ्या माणसांत आम्हा दोघांना वेळ कधी मिळणार?

मागून घ्यावा लागतो. संध्याकाळी औक्षणाच्या आधी, पाहुणे चहा घेत असताना, दोघं तास-दीड तास बाहेर पडा. उपवन जवळ असेल तर तलावाला फेरी मारा. "जरा फुलं घेऊन येतो" असलं काही सांगू नका, "आम्ही दोघं फिरून येतो" असंच सांगा. घरातली मोठी माणसं यावर रागावत नाहीत, उलट मुलांना मीच बघते म्हणतात. भेटवस्तूही तेव्हाच द्या.

निघताना पाहुण्यांना काय द्यावं?

सवाष्ण असो वा नसो, येणाऱ्या प्रत्येक बाईची नारळ-तांदळाने ओटी भरा, आणि ब्लाऊजपीस द्यायचाच तर शिवण्यासारखा द्या, फिरता नको. प्रवासाला तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणीची कोरडी चटणी बांधून द्या. दोन दिवस राहते, सांडत नाही.

उरलेलं किती दिवस चालतं?

श्रीखंड फ्रीजमध्ये झाकून ठेवलं तर चार-पाच दिवस, दर वेळी कोरडा चमचा घालायचा. मसालेभात बाहेर ठेवू नका, जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडकडीत गरम करून संपवायला हवा. वड्या न तळलेल्या उरल्या असतील तर तीन दिवस. पुऱ्या मऊ पडतात, त्या कुस्करून फोडणीला टाका, वर दही.